शस्त्रक्रियेआधी काय समजून घ्यावे: नाशिक परिसरातील रुग्ण आणि नातेवाइकांसाठी सविस्तर मार्गदर्शक

शस्त्रक्रिया ठरली की घरात पहिली चर्चा पैशांची होते, दुसरी रजेची किंवा शेतातल्या कामाची आणि तिसरी दवाखान्यात कोण थांबणार याची. पोटात नेमके काय बिघडले आहे, डॉक्टर काय काढणार किंवा काय जोडणार आहेत आणि शस्त्रक्रियेवाचून दुसरा काही मार्ग आहे का, या प्रश्नांपर्यंत चर्चा बहुधा पोहोचतच नाही. ‘डॉक्टर काय ते बघतील’ या एका वाक्यावर सगळे सोपवले जाते. डॉक्टरांवर विश्वास असायलाच हवा, परंतु शस्त्रक्रियेच्या आधी उपाशी राहण्याचे, चालू गोळ्यांबद्दल खरे सांगण्याचे, जखम जपण्याचे आणि धोक्याची लक्षणे ओळखून वेळेत परत येण्याचे काम रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांनाच करावे लागते. ते काम नीट व्हायचे असेल, तर सांगितलेले समजले पाहिजे.

नाशिक हे उत्तर महाराष्ट्रातील उपचारांचे मोठे केंद्र आहे. जिल्हा शासकीय रुग्णालय, शालिमार भागातील विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय, महापालिकेची झाकिर हुसेन आणि बिटको रुग्णालये, आडगावचे वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आणि गंगापूर रोडपासून नाशिक रोडपर्यंत पसरलेली खासगी रुग्णालये येथे सुरगाणा, पेठ, कळवण, बागलाण, मालेगाव, येवला, निफाड, सिन्नर अशा सर्व तालुक्यांतून रुग्ण येतात. १९९८ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालयही याच शहरात, म्हसरूळला आहे. वैद्यकीय ज्ञानाची येथे कमतरता नाही. ते ज्ञान खाटेवर झोपलेल्या माणसाच्या भाषेत पोहोचते का, ही खरी अडचण आहे.

आरोग्याविषयीची माहिती मिळवणे, ती समजणे आणि तिच्या आधारे स्वतःच्या उपचारांबाबत निर्णय घेता येणे, याला आरोग्य साक्षरता म्हणतात. तिचा शाळेतील शिक्षणाशी संबंध असला, तरी दोन्ही गोष्टी एकच नाहीत. पदवीधर माणसालाही आपण रक्त पातळ करणारी गोळी घेतो हे ठाऊक नसते आणि अंगठा लावणारी आजी आपल्या प्रत्येक गोळीची वेळ व कारण बिनचूक सांगते. म्हणून पुढील सूचना केवळ कमी शिकलेल्यांसाठी आहेत, असे कोणीही समजू नये.

पहिली पायरी: भेटीला जाण्याची तयारी

शस्त्रक्रियेबाबत डॉक्टरांशी बोलण्यासाठी जाताना रुग्णासोबत एकच जबाबदार व्यक्ती असावी आणि शक्यतो तीच व्यक्ती पुढील प्रत्येक भेटीला हजर राहावी. एकदा मुलगा, एकदा जावई आणि तिसऱ्या वेळी गावचे कोणी असे झाले, की प्रत्येकाकडे अर्धी माहिती राहते आणि घरी त्यावरून वाद होतात. रुग्णांना सांगितलेल्या वैद्यकीय माहितीपैकी ४० ते ८० टक्के भाग ते लगेच विसरतात, असे या विषयावरील एका आढाव्यात २००३ साली नोंदवले गेले आहे. काळजीने मन व्यापलेले असताना तर ऐकलेले आणखी कमी राहते. म्हणून एक छोटी वही करावी, त्यात घरी बसूनच प्रश्न लिहावेत आणि उत्तरे तिथल्या तिथे टिपून घ्यावीत. डॉक्टरांची परवानगी घेऊन मोबाईलवर बोलणे ध्वनिमुद्रित करता आले, तर लिहिता-वाचता न येणाऱ्या रुग्णाला ते घरी पुन्हा ऐकता येते.

सोबत जुन्या सर्व तपासण्यांचे कागद तारखेप्रमाणे लावून न्यावेत आणि चालू गोळ्या पाकिटांसकट न्याव्यात. ‘सकाळची लहान गुलाबी गोळी’ एवढ्या वर्णनावरून कोणत्याही डॉक्टरला औषध ओळखता येत नाही, कारण एकाच रंगाच्या गोळ्या मधुमेहाच्याही असतात आणि हृदयविकाराच्याही.

भाषेची अडचण असल्यास ती पहिल्याच मिनिटाला सांगावी. बागलाण-मालेगाव पट्ट्यातील अनेक ज्येष्ठ मंडळी घरात अहिराणी बोलतात, तर सुरगाणा-पेठमध्ये कोकणा आणि वारली बोलींतून व्यवहार चालतो. अशा रुग्णाला प्रमाण मराठीतील ‘मूत्रमार्ग’ किंवा ‘अंडाशय’ हे शब्द इंग्रजीइतकेच परके वाटू शकतात. गावची आशा ताई किंवा दोन्ही बोली जाणणारे नातेवाईक सोबत असावेत. मात्र लहान मुलाला दुभाषी करू नये आणि स्त्रीच्या आजाराबाबत बोलताना तिला जिच्यासमोर संकोच वाटणार नाही, अशी व्यक्ती निवडावी.

दुसरी पायरी: संमतीपत्रावर सही करण्याआधी

संमतीपत्राला ‘फॉर्म भरणे’ समजून भरतीच्या धावपळीत घाईने सही केली जाते. हा भाग अधिक वेळ देऊन वाचण्याची विनंती आहे, कारण रुग्णाचा सर्वात मोठा अधिकार याच कागदात आहे.

सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या प्रकरणात १६ जानेवारी २००८ रोजी दिलेला निकाल प्रत्येक रुग्णाला माहीत असावा. त्या प्रकरणात रुग्ण स्त्रीने दुर्बिणीतून तपासणी करण्यास संमती दिली होती. ती भुलेत असताना तिच्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय आणि अंडाशय काढण्यात आले. तपासणीसाठी दिलेली संमती ही अवयव काढण्याची संमती ठरत नाही आणि सज्ञान, शुद्धीवर येऊ शकणाऱ्या रुग्णाऐवजी दुसऱ्याची संमती पुरेशी नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. जीव वाचवण्यासाठी तातडीने करावे लागणारे उपचार हा त्याला अपवाद आहे. संमती खरी ठरण्यासाठी कोणती माहिती द्यायला हवी, हेही या निकालात सांगितले आहे: उपचाराचे स्वरूप आणि पद्धत, त्याचा हेतू, उपलब्ध पर्याय, महत्त्वाचे धोके आणि उपचार नाकारल्यास होणारे परिणाम.

याच माहितीला आपण आपल्या शब्दांतील प्रश्नांचे रूप देऊ शकतो. मला नेमका कोणता आजार आहे आणि तो कोणत्या तपासणीवरून ठरला? तुम्ही काय काढणार, काय दुरुस्त करणार किंवा काय बसवणार? गोळ्या, व्यायाम किंवा थांबून पाहणे हा मार्ग माझ्या बाबतीत आहे का? एक महिना थांबलो तर काय होईल? दुर्बिणीतून सुरू केलेली शस्त्रक्रिया मोठी चीर देऊन पूर्ण करावी लागण्याची शक्यता किती आहे? धोक्याबद्दल विचारताना टक्क्यांऐवजी ‘माझ्यासारख्या शंभर रुग्णांपैकी किती जणांना हा त्रास होतो’ असे विचारावे. वय, वजन, मधुमेह, तंबाखू यांप्रमाणे प्रत्येकाचा धोका बदलतो, त्यामुळे शेजाऱ्याच्या अनुभवावरून स्वतःचा अंदाज बांधू नये.

‘पिशवी काढण्याच्या’ म्हणजे गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेबाबत हे प्रश्न विशेष आग्रहाने विचारावेत. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांमध्ये झालेल्या अशा शस्त्रक्रियांची राज्य शासनाच्या समितीने २०१९ साली चौकशी केली, तेव्हा हा विषय राज्यभर चर्चेत आला. अंगावरून पांढरे जाणे किंवा पाळीच्या वेळी जास्त रक्तस्राव होणे या तक्रारींवर अनेकदा औषधांनी उपचार होऊ शकतात. काही आजारांत गर्भाशय काढणे हाच योग्य उपचार असतो, हेही तितकेच खरे आहे. परंतु ‘नाहीतर कॅन्सर होईल’ एवढ्या वाक्यावर निर्णय घेऊ नये. कोणत्या तपासणीत तशी शंका आली, हे विचारावे. अंडाशय ठेवणार की काढणार, हा वेगळा प्रश्न आहे. कमी वयात दोन्ही अंडाशये काढल्यास पाळी कायमची थांबल्यानंतरचे त्रास लवकर सुरू होतात आणि हाडांवर व हृदयावरही परिणाम होऊ शकतो. हा निर्णय त्या स्त्रीचा आहे. सज्ञान स्त्रीच्या शस्त्रक्रियेला पतीची किंवा सासूची सही तिच्या संमतीच्या जागी चालत नाही.

सर्व उत्तरे मिळाल्यानंतर या लेखातील सर्वात महत्त्वाची कृती करावी. रुग्णाने डॉक्टरांना किंवा परिचारिकेला म्हणावे, “मला जे समजले ते मी माझ्या शब्दांत सांगते, चुकले तर दुरुस्त करा.” त्यानंतर आजार, शस्त्रक्रिया, धोका आणि पर्याय या चार गोष्टी दोन-तीन वाक्यांत सांगाव्यात. ‘समजले का?’ या प्रश्नाला आपल्याकडे आदरापोटी, भीतीपोटी किंवा बाहेर बसलेली रांग पाहून सगळेच ‘हो’ म्हणतात, त्यामुळे त्या ‘हो’वरून डॉक्टरांनाही काही कळत नाही. स्वतःच्या शब्दांत सांगू लागल्यावर गैरसमज लगेच उघड होतात. पित्ताशयातील खडे काढण्याच्या शस्त्रक्रियेत बहुतेक वेळा खड्यांसह संपूर्ण पित्ताशय काढले जाते, हे कित्येकांना त्याच क्षणी प्रथम कळते. मुतखड्यात फक्त खडा काढतात, म्हणून इथेही तसेच असेल अशी त्यांची समजूत असते. जी गोष्ट रुग्णाला स्वतःच्या शब्दांत सांगता येत नाही, त्या गोष्टीला त्याने अजून संमती दिलेली नाही, असे मी मानतो. डॉक्टरांनीही तसेच मानावे, अशी माझी कळकळीची अपेक्षा आहे.

कोरा किंवा अर्धवट भरलेला फॉर्म असेल तर सही करू नये. फॉर्म न समजणाऱ्या भाषेत असेल तर तो मराठीत वाचून दाखवण्यास सांगावे. मनात शंका राहिली तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे आणि त्याने पहिल्या डॉक्टरांचा अपमान होत नाही. त्यासाठी कागदपत्रांच्या प्रती मागता येतात. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार अशी मागणी आल्यास ७२ तासांच्या आत नोंदी द्यायच्या असतात. महाराष्ट्रात २०२१ साली दुरुस्त झालेल्या शुश्रूषागृह नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद आणि प्रमुख सेवांचे दर रुग्णालयात दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. भरती होताना तो फलक जरूर वाचावा.

खर्चाविषयी थोडक्यात सांगायचे तर, महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेतील रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ असतो. शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन त्याला भेटावे, कारण योजनेची मंजुरी शस्त्रक्रियेच्या आधी घ्यावी लागते. सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतील विमाधारक कामगारांनी राज्य कामगार विमा योजनेखाली काय मिळते, हे आधी विचारावे.

तिसरी पायरी: भूलतज्ज्ञांपुढे काहीही लपवू नये

शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञ तपासतात, तेव्हा रुग्ण त्यांना कमी महत्त्व देतो, कारण ‘मोठे डॉक्टर’ वेगळे असतात. प्रत्यक्षात शस्त्रक्रिया चालू असताना रुग्णाचा श्वास, नाडी आणि रक्तदाब सांभाळण्याचे काम भूलतज्ज्ञ करतात. त्यांना पूर्ण आणि खरी माहिती मिळाली पाहिजे.

पूर्वी कधी भूल दिली होती का आणि तेव्हा काही त्रास झाला का, घरातील कोणाला भुलेमुळे गंभीर त्रास झाला होता का, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, दमा आहे का, झोपेत मोठ्याने घोरणे होते का, एखादा दात हलतो आहे का किंवा कवळी आहे का, हे सर्व सांगावे. सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबकेश्वर या आदिवासी भागांतील रुग्णांनी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी झाली असल्यास तिचे कार्ड न विसरता दाखवावे आणि झाली नसल्यास तसे सांगावे. शरीराला प्राणवायू कमी पडणे, थंडी वाजणे किंवा शरीरातील पाणी कमी होणे यांमुळे सिकलसेलच्या रुग्णाला तीव्र त्रास होऊ शकतो. आधी माहीत असेल, तर या तिन्ही गोष्टी टाळण्याची व्यवस्था करता येते.

तंबाखू, बिडी, गुटखा आणि मिश्री यांबद्दल स्पष्ट सांगावे. मिश्री लावणाऱ्या अनेक स्त्रिया ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतात, कारण दात घासणे हे त्यांच्या लेखी खाणे नसते. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच आहे. धूम्रपान शस्त्रक्रियेच्या किमान चार आठवडे आधी सोडल्यास गुंतागुंत कमी होते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यामुळे तारीख ठरवतानाच हा हिशेब धरावा आणि तंबाखूचे इतर प्रकारही त्याच वेळी सोडावेत. रोज दारू पिणाऱ्याने तेही सांगितले पाहिजे, कारण रुग्णालयात अचानक दारू बंद झाल्यावर दोन-तीन दिवसांत थरथर, भ्रम किंवा झटके येऊ शकतात आणि त्यावर आधीपासून औषध देता येते. नातेवाइकांसमोर संकोच वाटत असेल तर ‘मला एकट्याने बोलायचे आहे’ असे डॉक्टरांना सांगावे.

औषधांच्या बाबतीत कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये आणि स्वतःच्या मनाने चालूही ठेवू नये. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन यांसारख्या गोळ्यांमुळे शस्त्रक्रियेत रक्तस्राव वाढू शकतो. मात्र ज्याच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (ती उघडी ठेवणारी जाळीची नळी) बसवला आहे, त्याने त्या अचानक सोडल्यास जिवावर बेतू शकते. कोणती गोळी किती दिवस आधी थांबवायची, हे शल्यचिकित्सक आणि हृदयरोगतज्ज्ञ यांनी मिळून ठरवायचे असते. मधुमेहाच्या ज्या औषधांच्या नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ येते, ती औषधे साधारण तीन-चार दिवस आधी थांबवावी लागतात. पाकिटावरील लहान अक्षरांतील नाव वाचून ते डॉक्टरांना विचारावे. इन्सुलिनची मात्रा उपाशी राहण्याच्या दिवशी बदलते. उलट रक्तदाबाच्या काही गोळ्या शस्त्रक्रियेच्या सकाळीही घोटभर पाण्यासोबत घ्यायच्या असतात. म्हणून वहीत प्रत्येक गोळीपुढे ‘चालू’, ‘बंद’ किंवा ‘मात्रा बदलायची’ असे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. वैद्यांचे काढे, चूर्णे आणि गुडघेदुखीसाठी बाजारातून आणलेल्या पुड्या हीसुद्धा औषधेच आहेत. त्यांपैकी काहींमध्ये स्टेरॉइड मिसळलेले आढळते, त्यामुळे त्या सोबत नेऊन दाखवाव्यात.

चौथी पायरी: उपाशी राहणे

या सूचनेइतका गोंधळ दुसऱ्या कोणत्याही सूचनेत होत नाही. भुलेमध्ये घशाची संरक्षक क्रिया मंदावते आणि पोटात अन्न असेल तर ते वर येऊन फुप्फुसात जाऊ शकते. त्यातून होणारा न्यूमोनिया जीवघेणा ठरू शकतो. यासाठीच पोट रिकामे हवे असते. हे कारण न सांगता फक्त ‘रात्रीपासून उपाशी राहा’ सांगितले, की घरचे लोक मायेपोटी वाट काढतात: अर्धा कप चहा, दोन बिस्किटे, एकादशी असेल तर साबुदाण्याची खिचडी.

सर्वसाधारणपणे मान्य असलेले अंतर असे आहे. तळलेले, तुपकट किंवा मांसाहारी जड जेवण शस्त्रक्रियेच्या किमान आठ तास आधी संपवावे. हलका आहार आणि दूध सहा तास आधी थांबवावे. दुधाचा चहा हा दुधातच मोडतो. अंगावरचे दूध पिणाऱ्या बाळासाठी हे अंतर चार तासांचे असते. साधे पाणी बहुतेक निरोगी रुग्णांना दोन तास आधीपर्यंत चालते. सकाळी ८ वाजताची शस्त्रक्रिया असेल, तर आदल्या रात्रीचे हलके जेवण नेहमीच्या वेळी घ्यावे, त्यानंतर काही खाऊ नये आणि भूलतज्ज्ञांनी परवानगी दिली असेल तर सकाळी ६ वाजेपर्यंत थोडे पाणी प्यावे. मधुमेह, गरोदरपण, लठ्ठपणा किंवा आतड्याचा आजार असलेल्यांसाठी वेळा वेगळ्या असू शकतात. अशा वेळी आपल्या भूलतज्ज्ञांचा शब्द अंतिम मानावा. चुकून काही खाल्ले-प्यायले गेले तर ते लपवू नये, तारीख पुढे गेली तरी चालेल.

पहाटेच्या एसटीने येणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट सांगणे गरजेचे आहे. गाडीत बसताना सवयीने तोंडात टाकलेली सुपारी, तंबाखू किंवा गोळी-चॉकलेटसुद्धा त्या दिवशी टाळायचे आहे.

पाचवी पायरी: शस्त्रक्रियेचा दिवस

आदल्या दिवशी किंवा सकाळी साबणाने स्वच्छ आंघोळ करावी. शस्त्रक्रियेच्या जागेचे केस घरी वस्तऱ्याने काढू नयेत. वस्तऱ्याने त्वचेवर बारीक जखमा होतात आणि त्यांतून जंतुसंसर्ग वाढतो, म्हणून गरज असेल तर रुग्णालयातच केस कापण्याच्या यंत्राने काढले जातात. नखांचा रंग पुसावा. बोटाला लावलेले यंत्र रक्तातील प्राणवायू मोजते आणि गडद रंगामुळे त्यात चूक होऊ शकते. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, कानातले काढून नातेवाइकांकडे द्यावे. मंगळसूत्र काढणे अनेक स्त्रियांना जड जाते. शस्त्रक्रियेत विजेवर चालणारी उपकरणे वापरतात, धातू अंगावर असल्यास भाजण्याचा धोका असतो आणि हाताला सूज आल्यास बांगड्या रुततात, हे त्यांना आपुलकीने समजावून सांगितले, तर त्या स्वतःहून तयार होतात.

शस्त्रक्रियागृहात जाण्यापूर्वी नाव, शस्त्रक्रिया आणि उजवी-डावी बाजू तीन-चार वेळा विचारली जाते. ‘यांना अजून माहीतच नाही का?’ असे वाटून नातेवाईक घाबरतात. ही पडताळणी मुद्दाम केली जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली १९ मुद्द्यांची सुरक्षा-यादी तयार केली. ती भूल देण्यापूर्वी, चीर देण्यापूर्वी आणि रुग्णाला बाहेर नेण्यापूर्वी अशी तीनदा तपासली जाते. आठ देशांतील आठ रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिल्यावर मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले. त्या रुग्णालयांत दिल्लीतील एक होते. प्रत्येक वेळी पूर्ण नाव स्वतः सांगावे आणि हर्निया, गुडघा, डोळा, मूत्रपिंड अशा शस्त्रक्रियांत योग्य बाजूला पेनाने खूण केली आहे का, हे पाहावे.

सहावी पायरी: शस्त्रक्रियेनंतरचे दिवस

दुखते आहे हे सांगण्यात कमीपणा मानू नये. दुखणे सोसत पडून राहणारा रुग्ण खोल श्वास घेत नाही, खोकत नाही आणि हालचाल टाळतो, त्यामुळे छातीत कफ साठतो व पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर लवकर बसावे, उभे राहावे आणि चालावे. तीन चेंडूंचे श्वासाचे उपकरण दिले असेल, तर ते श्वास आत ओढून वापरायचे असते. बरेच जण त्यात फुंकतात, म्हणून परिचारिकेसमोर एकदा करून दाखवावे.

आहाराबद्दल घराघरांत ठाम समजुती आहेत. ‘भात खाल्ला की टाक्यांत पू होतो’ ही त्यांपैकी सर्वात पक्की. पू जंतूंमुळे होतो, भातामुळे होत नाही. जखम भरण्यासाठी प्रथिनांची गरज असते. अशा वेळी डाळ, दूध, दही, अंडी, मासे बंद करून आठवडाभर फक्त पेज दिल्यास जखम भरण्यास उशीर होतो. आतड्यांच्या शस्त्रक्रियेनंतर काही दिवस आहारावर खरी बंधने असतात, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेलेच पाळावे. जखमेवर हळद, राख, कुंकू किंवा तेल लावू नये.

कामावर परतण्याबाबत नेमके विचारावे. ‘जड उचलू नका’ या सूचनेचा अर्थ प्रत्येक जण आपल्या सोयीने लावतो. दिंडोरी-निफाडच्या द्राक्ष बागायतदाराने द्राक्षांनी भरलेली क्रेट, पाठीवरचा फवारणी पंप आणि ट्रॅक्टर यांची नावे घेऊन विचारावे, गृहिणीने पाण्याचा हंडा, गॅसची टाकी आणि कडेवरचे मूल यांबद्दल विचारावे. हर्निया किंवा पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर जड काम साधारण चार ते सहा आठवडे आणि कधी त्याहून अधिक काळ टाळावे लागते. शस्त्रक्रिया थांबण्यासारखी असेल, तर तारीख ठरवताना ऑक्टोबरच्या सुमारास येणारी गोडी छाटणी आणि एप्रिलमधील खरड छाटणी डॉक्टरांना आधीच सांगावी. न सांगितल्यास टाके ओले असतानाच माणूस बागेत उतरतो.

सातवी पायरी: घरी सोडण्याचा कागद

सुट्टी मिळाल्यावर सर्वांना निघण्याची घाई असते, परंतु या वेळी अर्धा तास थांबून सुट्टीचा कागद समजून घ्यावा. गोळ्यांपुढे १-०-१ असे लिहिले असल्यास सकाळी एक, दुपारी नाही आणि रात्री एक असा अर्थ होतो. ‘ओडी’ म्हणजे दिवसातून एकदा, ‘बीडी’ म्हणजे दोनदा, ‘टीडीएस’ म्हणजे तीनदा, ‘एचएस’ म्हणजे झोपताना आणि ‘एसओएस’ म्हणजे त्रास झाला तरच. प्रतिजैविके बरे वाटू लागले तरी सांगितलेले सर्व दिवस घ्यावीत. ज्याला वाचता येत नाही, त्याच्या पाकिटांवर सूर्य आणि चंद्र काढून द्यावेत. इथेही सर्व सूचना परिचारिकेला आपल्या शब्दांत परत सांगाव्यात.

पुढील लक्षणे दिसल्यास ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये: १००.४ अंश फॅरनहाइटहून अधिक ताप, जखमेभोवती वाढत जाणारी लाली किंवा सूज, पू अथवा दुर्गंध, पट्टी भिजवणारा रक्तस्राव, सतत उलट्या, पोट फुगून वारा न सरणे, लघवी न होणे, एका पोटरीत दुखून सूज येणे. अचानक धाप लागणे किंवा छातीत दुखणे यासाठी तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. जखमेचा जंतुसंसर्ग ३० दिवसांपर्यंत आणि शरीरात सांधा, जाळी किंवा प्लेट बसवली असल्यास ९० दिवसांपर्यंतही उद्भवू शकतो, त्यामुळे टाके निघाले म्हणजे धोका संपला असे समजू नये. दूरच्या पाड्यावर राहणाऱ्यांनी रात्री त्रास झाल्यास जवळच्या कोणत्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात जायचे आणि नाशिकला कोणाला फोन करायचा, हे सुट्टीच्या कागदावरच लिहून घ्यावे.

शेवटची गोष्ट सर्वाधिक विसरली जाते. शरीरातून काढलेली गाठ किंवा अवयव बहुतेक वेळा प्रयोगशाळेत तपासणीसाठी पाठवला जातो आणि त्याचा अहवाल येण्यास काही दिवस लागतात, तोपर्यंत रुग्ण घरी गेलेला असतो. त्रास थांबला म्हणून अनेक जण तो अहवाल आणायला येतच नाहीत आणि त्यात कर्करोग आढळला असल्यास उपचारांचे मोलाचे महिने वाया जातात. काही पाठवले आहे का, अहवाल कधी व कोठे मिळेल, हे सुट्टीच्या दिवशीच विचारावे, तो स्वतः जाऊन घ्यावा, डॉक्टरांना दाखवून पुढे काही करायचे आहे का हे समजून घ्यावे आणि मूळ प्रत शस्त्रक्रियेच्या कागदांसोबत घरी जपून ठेवावी. भरती रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे सांभाळण्याचेच बंधन डॉक्टरांवर आहे, त्यानंतर त्या तेथे मिळतीलच असे नाही.